पडद्यावरचा आकडा आणि पंपावरची पावती
लेखमाला : मोटार आणि तिचा खर्च (लेखांक ५)

कामठीहून नागपूरला नोकरीनिमित्त रोज मोटारीने ये-जा करणारे दोन गृहस्थ भेटले, की क्षेमकुशलाच्या पाठोपाठ “गाडी किती देऊन राहिली?” हा प्रश्न येतोच, आणि त्याचे उत्तर हल्ली बहुधा डॅशबोर्डाच्या पडद्याकडे पाहून इतक्या निःशंकपणे दिले जाते, की त्या पडद्यामागील यंत्रणेने पेट्रोल स्वतः कधी मोजलेलेच नसते, हे सांगणारा मनुष्य विक्षिप्त ठरावा.

कंपनीच्या जाहिरातीतील आकडा कोठून येतो, हे गेल्या लेखांकात आपण पाहिले. पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत संस्थेच्या प्रयोगशाळेत, फिरत्या रुळांवर उभी केलेली गाडी, एसी बंद ठेवून, ताशी ९० किलोमीटरची मर्यादा न ओलांडता, ठरलेल्या क्रमाने सुमारे २० मिनिटे चालविली जाते. या अवधीत ती ११ किलोमीटरांहून किंचित कमी अंतर कापते; म्हणजे कामठीच्या छावणीतून निघालेला मनुष्य तेवढ्यात नागपूरच्या झीरो माइलपर्यंतही पोहोचावयाचा नाही. इंधनाचा व्यय तेथे धुरातून निघणाऱ्या कार्बनाच्या मोजणीवरून काढतात, ही गोष्ट मात्र येथे पुन्हा ध्यानात आणून देणे अवश्य आहे. कारण पडद्याची रीत याहून अगदी निराळी आहे.

इंजिनात पेट्रोलचे तुषार सोडणारा इंजेक्टर प्रत्येक वेळी सेकंदाच्या काही सहस्रांशांपुरताच उघडतो. तो किती काळ उघडा राहिला, हे संगणकाला तंतोतंत ठाऊक असते, कारण हुकूम त्याचाच असतो. नळीतील दाब आणि त्या दाबाखाली इंजेक्टरातून किती इंधन जावे याचा कारखान्यात बसविलेला दर, यांच्या आधारे तो व्ययाचे अनुमान बांधतो, आणि चाकांच्या फेऱ्यांवरून काढलेल्या अंतराला त्या अनुमानाने भागून मोकळा होतो. कोठारातले धान्य न मोजता, दरवाजा किती वेळ उघडा होता एवढ्यावरून पोत्यांची संख्या खतावणीत मांडणाऱ्या मुनिमासारखा हा कारभार आहे: मुनीम लबाड नाही, पण कोठारात तो कधी गेलेला नाही. इंजेक्टर जुना होतो, त्याच्या तोंडाशी मळ साचतो. शिवाय पेट्रोल दर १० अंशांमागे सुमारे १ टक्का प्रसरण पावत असल्यामुळे, वैशाखातल्या उन्हाने तापलेल्या टाकीतील लिटर आणि पौषातल्या पहाटेचा लिटर हे वजनाने सारखे राहत नाहीत. आकडा गिऱ्हाइकाला थोडा सुखावह दिसावा, असा मोह गाडी बनविणाऱ्यांना होत नसेल असे मानण्याइतका प्रस्तुत लेखक भाबडा नाही.

युरोपीय संघाने याबाबत कायदाच केला. २०२१ पासून तेथे नोंदल्या जाणाऱ्या नव्या मोटारींनी प्रत्यक्ष व्ययाची नोंद आपल्या स्मृतीत ठेवलीच पाहिजे आणि ती ५ टक्क्यांच्या आत बरोबर असली पाहिजे, असा दंडक आहे. या नोंदींची रुजवात घेतल्यावर, रस्त्यावरचा व्यय प्रमाणपत्रातील व्ययापेक्षा सरासरीने सुमारे २० टक्के अधिक भरतो, असे युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केले.

आता पंपावरची रीत पाहू. टाकी ऑटो-कटपर्यंत भरावी, ट्रिप-मीटर शून्यावर आणावा, गाडी नेहमीसारखी वापरावी, पुन्हा त्याच पंपावर, शक्य तर त्याच नोझलने, ऑटो-कटपर्यंत भरावी, आणि अंतराला पावतीवरील लिटरांनी भागावे. समजा, ४२० किलोमीटरांना २८ लिटर लागले, तर ॲव्हरेज १५ झाले, पडदा १६.२ दाखवीत असेल, तर तो ८ टक्के चढा आहे. मात्र ऑटो-कट दर वेळी नेमक्या त्याच पातळीला पडत नाही. अर्ध्या लिटराची तफावत २८ लिटरांत २ टक्क्यांहून कमी भरते, पण हजार रुपयांपुरते पेट्रोल घेऊन हिशेब मांडणाऱ्याच्या आकड्यात तीच ५ टक्क्यांच्या घरात जाते. यावर उपाय असा, की अनेक टाक्यांचा जमाखर्च एकत्र मांडावा: पहिल्या भरणीनंतरचे सारे लिटर आणि सारे अंतर यांची बेरीज घेतली, की मधल्या ऑटो-कटांचे कमीअधिक परस्परांत वळते होते आणि पहिल्या व शेवटच्या भरणीचीच काय ती चूक उरते. पंपाच्या मापाबद्दल संशय असल्यास, वैधमापन विभागाची मुद्रा असलेले ५ लिटरचे माप तेथे ठेवलेले असते. ते मागून घ्यावे. त्यात २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक क्षम्य मानतात.

येथे दोन ठिकाणी चांगली सुशिक्षित माणसेही फसतात. जाताना २२ आणि येताना १४ मिळाले, म्हणून सरासरी १८, हा हिशेब खोटा आहे. तेवढेच अंतर दोन्ही वेळा कापले असता खरे उत्तर १७.१ येते, कारण बेरीज जळलेल्या लिटरांची करावयाची असते. दुसरे टायरचे. झिजलेल्या टायरचा घेर कमी झाल्याने चाक तेवढ्याच वाटेत जास्त फेऱ्या घेते आणि ओडोमीटर अंतर फुगवून सांगतो. पूर्ण झिजलेल्या टायरवर ही फूग सुमारे २ टक्क्यांपर्यंत जाते. ही चूक पडद्याच्या आणि पंपाच्या, दोन्ही हिशेबांत सारखीच शिरत असल्यामुळे त्यांची एकमेकांशी रुजवात घालून ती कधीच सापडत नाही. जबलपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे मैलाचे दगडच ती दाखवू शकतात.

सध्या ज्याच्या त्याच्या तोंडी असलेल्या इथेनॉलाचा न्यायही याच कसोटीवर करावा. इथेनॉलाच्या लिटरात पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश ऊर्जा असते, म्हणून २० टक्के मिश्रणात लिटरामागे ऊर्जा ६ ते ७ टक्क्यांनी घटते. पण ती घट पडदा आणि पंप दोन्हींना खाली ओढते, दोहोंमधील अंतराला ती जबाबदार धरता येत नाही. ऑटोमोटिव्ह चौकातली खोळंबलेली वाहतूक आणि मे महिन्यातला एसी यांचेही तसेच आहे. दोन्ही आकडे एकदम उतरले, तर कारण इंधनात, रस्त्यात किंवा चालविण्यात शोधावे; दोहोंमधील नेहमीची तफावत अचानक बदलली, तर आधी पंप बदलून पाहावा, आणि तरीही ती कायम राहिली, तर मेकॅनिककडून इंजेक्टर तपासून घ्यावे. टायरातील हवेचा दाब व्ययावर किती परिणाम करतो, ते पुढील लेखांकात पाहू.