तलवारीतील नलिका आणि पूर्वजांचा अभिमान

नोव्हेंबर २००६ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-साप्ताहिकात एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले. ड्रेस्डेन येथील पीटर पाउफ्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सतराव्या शतकातील एका दमास्कस तलवारीचा कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासला असता त्यांना त्यात कार्बनच्या अतिसूक्ष्म नलिका आढळल्या. अशा तलवारींसाठी लागणारे पोलाद दक्षिण भारतातून जात असे. साहजिकच ‘आमच्या पूर्वजांना नॅनोतंत्रज्ञान अवगत होते’ हे वाक्य आपल्याकडे अधूनमधून व्यासपीठावरून ऐकू येते. टाळ्याही पडतात. परंतु त्या उपकरणाने नेमके काय दाखविले, हे विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. दृश्य प्रकाशाची लहरच मुळी चारशे ते सातशे नॅनोमीटर लांब. त्यामुळे सुमारे दोनशे नॅनोमीटरहून बारीक तपशील साध्या सूक्ष्मदर्शकात एकमेकांत मिसळून जातात. एक लाख व्होल्ट दाबाने धावणाऱ्या इलेक्ट्रॉनची लहर प्रकाशलहरीच्या लाखाव्या हिश्शाहूनही आखूड असते. बर्लिनमध्ये १९३१ साली रुस्का आणि क्नॉल यांनी या गोष्टीचा उपयोग करून पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उभा केला. शिवाय इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने प्रत्येक मूलद्रव्य स्वतःचे ठराविक क्ष-किरण बाहेर टाकते. त्यांचा वर्णपट वाचला की त्या ठिकाणी कोणते मूलद्रव्य आहे, तेही समजते.

हे ‘त्या ठिकाणी’ फार महत्त्वाचे. खुद्द मायकेल फॅरडेने १८१९ मध्ये भारतीय पोलादाचे रासायनिक पृथक्करण केले आणि त्याच्या गुणांचे श्रेय अ‍ॅल्युमिनियमच्या अंशाला देऊन तो चुकला. पोलाद विरघळवून काय व किती हे कळते; कोठे, हे कळत नाही. पुढे अमेरिकेतील धातुशास्त्रज्ञ व्हर्होव्हेन आणि पाती घडविणारा कारागीर पेंड्रे यांनी प्रत्यक्ष पोलाद ओतून व ठोकून दाखविले, की पात्यावरील लाटांची नक्षी म्हणजे सिमेंटाइटच्या, म्हणजे लोह-कार्बन संयुगाच्या, कणांच्या रांगा होत आणि त्या रांगा लागतात व्हॅनेडियमसारख्या द्रव्याच्या अत्यल्प भेसळीमुळे. शेकडा दोन शतांशाहूनही कमी!

ड्रेस्डेनच्या नलिकांविषयी मात्र सबुरी हवी. पाहिला गेला तो एका तलवारीचा कण. साध्या पोलादात अशा नलिका नसतातच, हे तितक्याच बारकाईने तपासल्यावाचून त्या नलिकांना तलवारीच्या धारेचे श्रेय कसे द्यावे?

आणि त्या कारागिरांना नॅनोतंत्रज्ञ ठरविण्यात त्यांचा गौरव तरी कोणता? मातीच्या मुशीत लोखंड आणि वनस्पतींचे तुकडे घालून, तोंड लिंपून, ती भट्टीत तापवावयाची आणि सावकाश निवू द्यावयाची, हे त्यांचे ज्ञान डोळ्यांत आणि हातांत होते. व्हॅनेडियम त्यांना ठाऊक नव्हते. तशी भेसळ असलेले खनिज संपले आणि नक्षी उमटेनाशी झाली, असा व्हर्होव्हेन यांचा तर्क आहे. तो खरा असेल, तर आपले काय बिघडले हे त्या लोहारांना कधीच कळले नसेल. त्यांनी काही लिहून ठेवले नाही. आपल्याकडे लिहिणारा भट्टीजवळ बसत नव्हता आणि भट्टीजवळ बसणाऱ्याला लिहिता येत नव्हते. म्हणून तेलंगणातील कोनसमुद्रमच्या भट्ट्यांची हकीकत आपल्याला व्हॉयसी या इंग्रजाच्या, १८३२ साली छापलेल्या, टिपणातून वाचावी लागते. इराणी व्यापारी तेथे येऊन पोलाद पारखून नेत असत.

२०१० मध्ये बंगळूरच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीज आणि इंग्लंडमधील एक्झेटर विद्यापीठ येथील संशोधकांनी उत्तर तेलंगणाचा हा मुलूख पायी पालथा घातला. गावोगाव त्यांना धातुमळीचे ढीग आणि फुटक्या मुशींची खापरे मिळाली. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्याजोगे आपल्या घरचे असे पुष्कळ काही तेथे पडले आहे.