प्लॅन फसला, वाट सापडली

आयुष्याचा उद्देश अप्रेझलच्या फॉर्मवर मिळत नाही. पंडिता रमाबाईंना तो कुठे मिळाला, आणि देवाच्या प्रेमाशी त्याचा काय संबंध?

‘पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?’ इंटरव्ह्यूमधला हा सगळ्यात बोअर प्रश्न. उत्तर आपल्याला पाठ असतं. टीम लीड, मग मॅनेजर, जमलंच तर ऑनसाइट. एचआर खूश, आपणही खूश. पण रात्री साडेनऊला घरी जाताना, कानात हेडफोन असताना, तोच प्रश्न वेगळ्या सुरात डोकं वर काढतो. हे सगळं नक्की कशासाठी? ईएमआय, क्रेडिट कार्ड, गोव्याची ट्रिप... ठीक आहे. पण पुढे काय?

ख्रिस्ती श्रद्धेचं याला जे उत्तर आहे, ते ऐकायला सोपं आणि पचायला अवघड आहे. देवाचं तुमच्यावर प्रेम आहे, तुम्ही काही करून दाखवण्याआधीपासून आहे. हे आधी स्वीकारा, उद्देश मागोमाग येईल. वाचताना हे ग्रीटिंग कार्डवरच्या मजकुरासारखं वाटतं ना? म्हणूनच ज्या बाईने ते जगून पाहिलं, तिच्याकडे जाऊ या. शाळेच्या पुस्तकात ‘समाजसुधारक’ या धड्यात ती आपल्याला चार ओळींत भेटून गेली आहे. पंडिता रमाबाई.

व्हायचं होतं डॉक्टर

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाची बोलणी खाऊन बायकोला संस्कृत शिकवलं. आईने ते मुलीला दिलं. हे कुटुंब पायी तीर्थयात्रा करायचं, पुराण सांगून पोट भरायचं. पुढे दुष्काळ पडला आणि थोड्याच काळात वडील, आई आणि थोरली बहीण गेली. उरलेली दोघं भावंडं भटकत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी या मुलीची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ठरवलं. वय वर्षं वीस!

नंतर भाऊ गेला. १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी तिने जातीबाहेर लग्न केलं, पण दोनच वर्षांत तोही गेला. पदरात मनोरमा नावाची लहानगी. तिला घेऊन रमाबाई पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं. त्याच्या विक्रीचे पैसे उपयोगी आले आणि १८८३ मध्ये त्या बोटीने इंग्लंडला निघाल्या. प्लॅन पक्का होता: मेडिकल शिकायचं, डॉक्टर व्हायचं, परत येऊन बायकांवर उपचार करायचे.

तो प्लॅन तिथे पोहोचल्यावर कोसळला. ऐकू कमी येत असल्यामुळे डॉक्टरी शिकणं अशक्य ठरलं. सोबत आलेली मैत्रीण आनंदीबाई भगत हिने त्याच वर्षी तिथे आत्महत्या केली. परका देश, हाताशी लहान मूल आणि करिअरचा रस्ता बंद. पंचविशीतल्या कुणालाही विचारा, याला काय म्हणतात ते.

फुलहॅममधली भेट

रमाबाई वाँटेज या गावी अँग्लिकन सिस्टर्सकडे राहत होत्या. हवापालटासाठी सिस्टर्सनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमच्या आपल्या घरी पाठवलं. तिथे ‘वाया गेलेल्या’ म्हणून समाजाने टाकलेल्या बायकांना आसरा मिळायचा. त्यातल्या काही जणी आता स्वतःच आजारी माणसांची सेवा करत होत्या, हे पाहून रमाबाई चाट पडल्या. अशा बायकांसाठीही काही करता येतं, हेच त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी सिस्टरला विचारलं, तुम्हाला हे करावंसं का वाटतं?

उत्तरादाखल सिस्टरने बायबलमधली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. भर दुपारी विहिरीवर एकटीच पाण्याला आलेली बाई. पाच नवरे होऊन गेलेले आणि आता ज्याच्याबरोबर राहते तो नवरा नाही. येशू तिच्याकडे पाणी मागतो. यहुदी पुरुषाने शोमरोनी बाईशी बोलणं तेव्हा बसत नव्हतं, तरी तो तिच्याशी बोलत बसतो. तिचं सगळं आयुष्य त्याला माहीत आहे आणि तरीही तो तिला झिडकारत नाही. मग ती बाई काय करते? घागर तिथेच ठेवून गावात पळत सुटते, लोकांना सांगायला. ज्या गावाची नजर चुकवून ती पाण्याला आली असेल, त्याच गावात!

इथला क्रम बघा. आधी स्वीकार, मग काम. आपल्या ऑफिसात नेमकं उलटं असतं. आधी परफॉर्मन्स, मग कौतुक. टार्गेट हुकलं की कौतुक बंद. हाच हिशेब आपण घरी, नात्यात, जिममध्ये आणि देवळातसुद्धा नेतो. फुलहॅमच्या त्या बायकांनी आधी सिद्ध काहीच केलं नव्हतं. त्यांना जवळ घेतलं गेलं आणि मग त्यांच्या हातून सेवा घडली. रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी बाप्तिस्मा घेतला.

आठ वर्षांचं वेटिंग

फिल्मी कथा असती तर इथे ‘द एंड’ आला असता. पण खरी गंमत पुढे आहे. रमाबाई काही गुपचूप मान डोलावणाऱ्या नव्हत्या. सिस्टर्सशी त्यांनी सिद्धांतांवरून पत्रांमधून कडाडून वाद घातले. शाकाहारही सोडला नाही. श्रद्धा ठेवायची म्हणून डोकं गहाण ठेवायचं, हे त्यांना मान्यच नव्हतं.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. निमित्त होतं नात्यातल्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाचं. जी डॉक्टरकी स्वतःला मिळाली नाही, ती दुसरीला मिळताना बघायला एवढा समुद्र ओलांडायचा, म्हणजे काय मन असेल! तिथे त्यांनी भाषणं देऊन पैसे उभे केले आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ सुरू केलं. पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलवलं. पहिली विद्यार्थिनी होती गोदूबाई. त्याच पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या.

म्हणजे काम जोरात, नाव मोठं. आणि तरीही आतून काहीतरी रिकामं. रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत हे स्वच्छ लिहून ठेवलंय. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही. त्या वेळी त्या विल्यम हॅस्लम या पाद्र्याचं आत्मवृत्त वाचत होत्या. हा गृहस्थ आधीपासून पाद्री, आणि स्वतःच्याच प्रवचनाने बदलून गेलेला! मग रमाबाईंनी आपली लायकी सिद्ध करण्याचा हिशेब सोडला आणि आहे तशी स्वतःला देवाच्या हाती दिली. उद्देश तर आधीपासून हातात होता. त्याच्या खालची जमीन आत्ता मिळाली.

हे ‘सक्सेसफुल’ लोकांनी दोनदा वाचण्यासारखं आहे. चांगलं काम करणं आणि आपल्यावर कुणीतरी प्रेम करतंय याची खात्री असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीने दुसरी विकत घेता येत नाही.

बिल आलंच

हे सगळं फुकटात पडलं असं मात्र समजू नका. बाप्तिस्म्याची बातमी येताच महाराष्ट्रात गदारोळ झाला. महात्मा फुल्यांनी ‘सत्सार’मधून रमाबाईंची बाजू घेतली, पण असे थोडे. पुढे शारदा सदनात मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतोय म्हणून ‘केसरी’ने झोड उठवली. रमाबाईंची प्रार्थना दार उघडं ठेवून चाले आणि मुली येऊन बसत. धर्माबाबत तटस्थ राहण्याचं संस्थेचं धोरण असताना हे बसतं का, हा प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. कालपर्यंत डोक्यावर घेणारं पुणं पाठ फिरवून बसलं.

लोकांच्या टाळ्यांवर उभा असलेला उद्देश अशा वेळी मोडतो. रमाबाईंचा मोडला नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. उपाशी, टाकून दिलेल्या, लुबाडल्या जाणाऱ्या मुली बघून त्यांना स्वतःचे दुष्काळाचे दिवस आठवले असणार. सुमारे तीनशे जणींना त्या घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावच्या माळावर ‘मुक्ती सदन’ उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली संख्या हजारावर गेली. शेती, विणकाम, छापखाना... बायकाच कामगार आणि बायकाच मुकादम. साध्या बाईला कळेल अशा मराठीत बायबल हवं म्हणून रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. त्या भाषांतराचे खिळेही मुक्तीतल्या बायकांनीच जुळवले.

१९२१ मध्ये मनोरमा गेली. जिच्या हाती सगळं सोपवायचं, तीच! देवाचं प्रेम म्हणजे इन्शुरन्स पॉलिसी नव्हे, हे रमाबाईंइतकं कुणाला कळलं असेल? त्या काम करत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. त्यांचं संपूर्ण बायबल त्यानंतर, १९२४ मध्ये बाहेर पडलं.

मग आपलं काय?

आपण काही केडगावच्या माळावर संस्था काढणार नाही. त्याची गरजही नाही. आणि ही वाट एकाच वेगाने चालायची असंही नाही. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंनी आकांत केला होता. त्या स्वतःच्या मनाने, स्वतःच्या वेळेला, १९०० मध्ये आल्या. ती पाच वर्षं ‘स्मृतिचित्रे’त वाचा. रडवतात आणि हसवतातही.

तुम्ही रविवारी चर्चला जाणारे असा, मंगळवारी सिद्धिविनायकाच्या रांगेत उभे राहणारे असा, नाहीतर कशावरच विश्वास नसणारे. रमाबाईंचा प्रश्न सगळ्यांनाच लागू आहे. उद्या नोकरी गेली, प्रमोशन हुकलं, ब्रेकअप झालं, तर ‘मी कोण?’ याचं उत्तर शिल्लक राहतं का? ख्रिस्ती माणूस म्हणतो, राहतं. कारण ते उत्तर मी कमावलेलं नाही, मला दिलेलं आहे. म्हणून तर कामाला धाडस येतं. हरलो तरी घरातून कुणी हाकलणार नसतं.

पुणे-दौंड लाइनवर केडगाव स्टेशन लागतं. रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथे आजही सुरू आहे, आजही बायका-मुलांसाठीच. डॉक्टर होता आलं नाही म्हणून जिचा प्लॅन फसला, तिने लावलेलं ते झाड. पुढच्या वेळी सोलापूरकडे जाताना मोबाइलमधून मान वर काढा आणि खिडकीबाहेर बघा.