पुढची खेळी झाकून

बुद्धिबळाचा जुना डाव मांडायला लाकडी पटच लागतो. मोबाइलवर बोट दाबत गेलं की साठ खेळ्या दोन मिनिटांत उरकतात आणि डोक्यात काही राहत नाही. आमचं केम हे कुंकवाचं गाव. कारखान्यातून सुटून थेट पटावर बसणाऱ्यांच्या हातांनी आमच्या पांढऱ्या सोंगट्या केव्हाच गुलाबी झाल्यात.

पोरांसाठी मी बहुतेकदा एकच डाव काढतो, हेस्टिंग्ज स्पर्धा १९३०-३१, सुलतान खान विरुद्ध कॅपाब्लांका. कॅपाब्लांका १९२१ ते १९२७ जगज्जेता. सुलतान खान पंजाबचा, देशी पद्धतीत मुरलेला. त्या पद्धतीत प्यादं सुरुवातीलाही एकच घर चालतं आणि किल्लेकोट नसतो. याही डावात त्याने किल्लेकोट केलेला नाही.

विसाव्या खेळीला पांढऱ्याचं जी-प्यादं पाचव्या घरात घुसतं. काळा घोडा हटून ई-८ वर जातो. इथे मी वहीवर पोस्टकार्ड ठेवतो आणि गप्प बसतो. पोरांना आधी शह दिसतात, मग मारामारी. प्याद्याने मागे सोडलेलं जी-४ हे घर बराच वेळ कुणाला दिसत नाही. घोडा हटल्याने त्याच्यावरचा पहारा उठलाय. उंट तिथे येतो आणि तिरक्या रेषेत थेट सी-८ वरच्या हत्तीवर नेम धरतो. मधली तिन्ही घरं रिकामी.

पोरं म्हणतात, हत्ती हलवा की! कॅपाब्लांकाने तसं केलं नाही. सी-१ वर शह, लगेच सी-२ वर दुसरा शह, आणि दोन हत्ती देऊन वजीर घेतला. कागदावर सौदा वाईट नाही. पण प्याद्यांनी पट कोंडलेला, वजिराला मोकळं रान नाही. पुढच्या चाळीसेक खेळ्या रटाळ वाटतात, पोरं जांभया देतात. माझ्या मते खरा अभ्यास तिथेच आहे. ६५ खेळ्यांनी काळ्याने डाव सोडला.

२०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीत महिला विश्वचषक जिंकला, तेव्हापासून पोरांची गर्दी वाढलीय. प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये इंजिन असतंच. ते वाईट नाही, पण शेवटी लावावं. हा डाव नेटवर फुकट मिळतो. विसाव्या खेळीला थांबा, आपलं उत्तर पेन्सिलीने लिहा आणि मगच पुढे बघा.