गुरांच्या डॉक्टरांची निवडणूक

ग्रामपंचायतीची निवडणूक आपणां सर्वांना ठाऊक आहे. दूधसंस्थेची ठाऊक आहे, सोसायटीचीही ठाऊक आहे. पण गुरांच्या डॉक्टरांचीही निवडणूक होते, हे पुष्कळांना माहीत नसते. "डॉक्टर मंडळी कुणालाही मत देईनात का, आपल्याला त्याचं काय?" असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणतो, आपल्या गोठ्याचा या निवडणुकीशी संबंध आहे. तो कसा, ते पाहू.

गाय अडली, रेडकाला हगवण लागली, म्हणजे आपण डॉक्टरांना बोलावतो. आलेला माणूस खरा शिकलेला आहे, की नुसती पिशवी घेऊन गावोगाव फिरणारा आहे, हे त्याच्या कपड्यांवरून कळत नाही. सुई चुकीची टोचली गेली तर दावणीचे जनावर जाते आणि डोक्यावरचे कर्ज मात्र राहते. मुके जनावर काही तक्रार सांगू शकत नाही.

म्हणून १९८४ साली देशात एक कायदा झाला. त्याचे नाव भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा. पशुवैद्य म्हणजे गुरांचा डॉक्टर. कायद्याने दिल्लीत एक परिषद नेमली. राज्यांतही परिषदा झाल्या. महाराष्ट्राची परिषद नागपूरला आहे. राज्याच्या परिषदेत एक नोंदवही असते. पदवी घेतलेल्या डॉक्टराचे नाव तीत लिहितात आणि त्याला नंबर देतात. हा नंबर असेल त्यानेच जनावरांवर उपचाराचा धंदा करायचा. लस टोचणे, जखम बांधणे, बैल खच्ची करणे अशी प्राथमिक कामे पदविका घेतलेल्या माणसाला करता येतात. पण तीही नोंदलेल्या डॉक्टराच्या देखरेखीखाली, बरं का!

दिल्लीच्या परिषदेचे काम मोठे आहे. कॉलेजात काय शिकवावे, किती शिकवावे, हे ती ठरवते. कॉलेज नीट चालते की नाही, हे ती माणसे पाठवून तपासते. डॉक्टराने कसे वागावे, याचेही नियम तिने केले आहेत. म्हणजे उद्या आपल्या गोठ्यात येणारा डॉक्टर कसा तयार होणार, हे पुष्कळसे या परिषदेच्या हातात आहे.

आता निवडणुकीकडे येऊ. या परिषदेत २७ सभासद असतात. त्यांतले ११ सभासद डॉक्टरांनी आपल्यातूनच मते देऊन निवडायचे असतात. बाकीचे १६ या मतदानाने येत नाहीत. त्यांत राज्यांचे पशुसंवर्धन संचालक, कॉलेजांचे प्रमुख, सरकारी अधिकारी असे लोक असतात. परिषदेचा अध्यक्ष सभासद आपल्यातूनच निवडतात. सभासदांची मुदत तीन वर्षांची असते.

जरा हिशेब करा. २७ मध्ये बहुमत व्हायला १४ हात वर व्हावे लागतात. निवडलेले ११ सगळे एक झाले तरी तीन हात कमीच पडतात. म्हणून नुसता आपल्या गटाचा माणूस पाठवून भागत नाही. दुसऱ्यांना पटवून देईल, असा जाणता माणूस पाठवावा लागतो.

परिषदेखेरीज डॉक्टरांच्या संघटनाही असतात. त्या निराळ्या. संघटनेत वर्गणी भरून आपखुशीने जायचे असते. पगार, बदल्या, कामातल्या अडचणी यांबद्दल ती बोलते. परिषद कायद्याने झालेली आहे. संघटनेचे पुढारीही मतानेच निवडतात. नावात फसू नये, म्हणून एवढे सांगितले.

मत कोण देऊ शकतो? ज्याचे नाव नोंदवहीत आहे तो. खेड्यात काम करणारा डॉक्टर दिवसभर या वाडीहून त्या वाडीला फिरत असतो. "माझ्या एका मतानं काय होणार?" असे म्हणून तो घरी बसला, तर शहरातली चार मंडळी निवड करून मोकळी होतात. मग खेड्यातली अडचण परिषदेत मांडणार कोण? जातीकडे पाहून, एका कॉलेजातले म्हणून, किंवा कुणी जेवण घातले म्हणून मत दिले, तर त्याचे फळ अखेर आपल्या जनावराला भोगावे लागते.

आपल्याला या निवडणुकीत मत नाही. पण दोन गोष्टी आपण करू शकतो. नवीन माणूस उपचाराला आला, तर "साहेब, आपला नोंदणी नंबर काय?" असे नम्रपणे विचारावे. खरा डॉक्टर रागावणार नाही. नंबर वहीत लिहून ठेवावा. आता आपल्याला लिहिता येते, मग अडचण कसली? दुसरी गोष्ट, आपल्या डॉक्टरांना विचारावे, "परिषदेची निवडणूक आली की तुम्ही मत देता ना?" गाववाले विचारतात म्हटल्यावर तेही विचार करतील.

आणि आपल्या दूधसंस्थेची निवडणूक आली, म्हणजे हाच प्रश्न स्वतःला विचारावा.