ऐंशी पावलांची मींड

प्रिंटर दुरुस्तीला टाकायला लॅमिंग्टन रोडवरच्या एका जुन्या इमारतीत गेले होते. जिना चढताना भूप ऐकू आला. कशावर वाजतोय ते कळेना. आवाज भुंग्यासारखा, कडांना खरखरीत. पण पंचमावरून गंधारावर आला तो उडी मारून नाही, घसरत आला. मी बरीच वर्षं गाणं शिकते आहे. त्या एका उतरणीसाठी जिन्यातच थांबले, आणि पुढचे तीन शनिवार तिथेच जात राहिले.

वाजत होता संगणकातला साडेतीन इंची फ्लॉपी ड्राइव्ह. भंगारातून आणलेला, झाकण काढलेला, चक्क पोळपाटावर ठेवलेला. वाजवणारे काका प्रिंटर दुरुस्त करतात आणि सोमवारी भजनी मंडळात पेटी धरतात. टेबलावर सोल्डरिंगच्या राळेचा आणि शिवणयंत्राच्या तेलाचा वास मिसळलेला. हेड ज्या दांड्यावर सरकतं त्याला ते हे तेल लावतात, अगदी थेंबभर. तो वास अजून माझ्या पर्सला आहे.

जोडणी थोडक्यात सांगते: ३४ पिनांपैकी एक दिशा ठरवते, एक पाऊल टाकायला लावते, दोन वायरींना डाग दिला की अर्डुइनोचं छोटं बोर्ड ड्राइव्हशी बोलू लागतं. खरी गंमत हेड सरकवणाऱ्या मोटरमध्ये आहे. ती अखंड फिरत नाही, विजेच्या एका ठोक्याला एक पाऊल टाकते. सेकंदाला १६० ठोके दिले की पत्रा १६० वेळा हादरतो आणि तोच आपला षड्ज. २०० दिले की गंधार, २४० दिले की पंचम. तार षड्जाला ३२०. त्याच्या फार वर जाण्यात अर्थ नाही, कारण अशा ड्राइव्हना एका पावलासाठी साधारण ३ मिलिसेकंद हवे असतात. म्हणून काकांनी मुद्दाम १६० वर सा धरला. अख्खं सप्तक मोटरच्या दमात बसतं.

“आणि पावलं ऐंशी,” काका म्हणाले. फ्लॉपीवर ट्रॅक ऐंशी, म्हणून हेडला जागा ऐंशी पावलांची, जेमतेम दीड सेंटिमीटर. सा लावला की अर्ध्या सेकंदात हेड टोकाला पोचतं आणि मागे वळावं लागतं. वळताना बारीकसा ‘टक’ होतो. ऐंशी, टक. ऐंशी, टक. घरी रियाजाला बसले तरी मी मोजू लागले होते.

अशा वादनाचं जगात मोठं घर पोलंडमध्ये आहे. सोनीने फ्लॉपी विकणं थांबवलं त्याच साली, २०११ मध्ये, पावेल झाद्रोझ्निआक या अभियंत्याने दोन ड्राइव्हवर ‘स्टार वॉर्स’मधली धून वाजवली. २०२२ मधल्या त्याच्या ‘फ्लॉपोट्रॉन’मध्ये ५१२ ड्राइव्ह आहेत. एका ड्राइव्हला आवाज लहान-मोठा करता येत नाही, म्हणून तो कमी-जास्त ड्राइव्ह एकदम वाजवतो. पण ते संगीत पाश्चात्त्य, स्वर आपापल्या खणात बसलेले. काकांना हवं होतं ते खणांच्या मधलं. पेटीत मींड नाही, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, ही त्यांची आयुष्यभराची खंत. सुरांच्या याच अडचणीवरून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला दार बंद केलं, आणि ते किलकिलं व्हायला १९७१ उजाडलं. भंगारातल्या मोटरला मात्र खण नाहीत. ठोक्यांमधलं अंतर हळूहळू वाढवा, सूर घसरतो.

दुसऱ्या शनिवारी मी म्हटलं, “काका, गंधार चढा आहे.” ते दचकले. गंधाराचा आकडा त्यांनी पेटीच्या हिशोबाने घातला होता: दोन ठोक्यांत ४९६१ मायक्रोसेकंद. मी सा धरून गंधार गायला, त्यांनी आकडा वाढवत नेला. शेजारी दुसरा ड्राइव्ह नुसता सा धरून होता. दोघांत चाललेली थरथर मंदावत गेली आणि ५००० वर थांबली. कुणीच बोललं नाही. इतका स्वच्छ गंधार माझ्या गळ्यातून रोज निघत नाही.

हा खेळ आहे असं तिथे येणारी गिऱ्हाइकं म्हणतात. मी म्हणणार नाही.

तिसऱ्या शनिवारी मींडच घेऊन बसलो. पंचमावरून गंधारावर सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात उतरलं की सुमारे ७३ पावलं लागतात, म्हणजे ऐंशीत बसतं. पण मी जशी गाते तशी, पुरा सेकंद घेऊन उतरायचं तर २२० पावलं. हेडला वाटेत दोनदा वळावंच लागतं. मी सुचवलं, एक पाऊल पुढे, एक मागे, असं करता येईल? त्यांनी करून दाखवलं. ‘टक’ गेला, पण आवाज पातळ झाला. “हे जागच्या जागी नाचणं झालं, ताई. चालणं नाही.” त्यांनी ते पुसून टाकलं.

मग दुसऱ्या ड्राइव्हचा सा थांबवला. पहिल्याचं हेड ऐंशीच्या जवळ पोचलं की त्याच सुरात दुसऱ्याने उचलायचं, जसं दिंडीत एकाचा दम संपला की शेजारचा अभंग पुढे नेतो. पहिल्यांदा सांधा ऐकू आला. दुसऱ्यांदाही. काकांनी दांड्याला तेलाचा थेंब लावला, दोन्ही हेडं शून्यावर नेली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुम्ही गा. मी तुमच्या मागून येतो.”