कॉन्टेसाचं इंजिन बदलताना हेडर कुठून न्यायचा?

मंडळी, मागच्या वेळी आपण इंजिन आणि गिअरबॉक्स गाडीत बसवण्यापर्यंत आलो होतो. आज एक्झॉस्ट हेडर. उदाहरण कॉन्टेसाचंच घेऊ, कारण आपल्याकडे ‘मसल कार’ म्हटलं की लोकांना हीच गाडी आठवते. खरं तर ती १९७०च्या दशकातल्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरची भारतीय आवृत्ती. हिंदुस्तान मोटर्सने ती १९८४ मध्ये आणली तेव्हा बॉनेटखाली अ‍ॅम्बॅसेडरचंच १४८९ सीसीचं इंजिन होतं. पुढे कंपनीनेच त्या जागी इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन बसवलं. म्हणजे या गाडीतला पहिला इंजिनबदल कारखान्यातच झाला! इंग्लंडमध्ये याच सांगाड्यात ३.३ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिनही बसत असे, त्यामुळे लांबीला जागेची तक्रार नाही. अडचण असते ती बाजूला.

जुन्या १४८९ सीसी इंजिनात चार सिलिंडरना एक्झॉस्टची तोंडं तीनच. मधल्या दोघांचं तोंड सामाईक. आणि कार्ब्युरेटरही त्याच बाजूला. नव्या इंजिनाला चार स्वतंत्र तोंडं असतात, आणि ती बहुधा कार्ब्युरेटरच्या समोरच्या बाजूला निघतात. म्हणून इंजिन विकत घेण्याआधीच बघा, एक्झॉस्ट कुठल्या बाजूला येतोय. उजवीकडे येत असेल तर तिथे आधीच स्टिअरिंगचा दांडा आणि ब्रेकचा मास्टर सिलिंडर बसलेले आहेत.

आता एक गोष्ट गॅरेजमध्ये फार कमी जण सांगतात. गाडीत उभं बसवलेलं इंजिन समोरून पाहिलं तर साधारणपणे घड्याळाच्या दिशेने फिरतं. जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की त्याचा धक्का उलटा बसतो आणि इंजिन गाडीच्या उजव्या अंगाला कलतं. आपलं स्टिअरिंग उजवीकडेच! त्यामुळे गाडी उभी असताना बोटभर दिसणारं अंतर चढावर पहिल्या गिअरमध्ये उरत नाही. आम्ही स्टिअरिंगच्या दांड्यापासून किमान १५ ते २० मिलिमीटर जागा मोकळी ठेवतो, आणि माउंटिंगचे रबर नवे घातल्याशिवाय माप घेतच नाही. जुन्या, बसलेल्या रबरावर घेतलेलं माप म्हणजे हेडर दोनदा बनवणं.

आधी इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, क्लच आणि स्टार्टर कायमचे बसवा, मगच पाइप वाकवा. प्रत्येक पाइपला नुसते टाके मारून ठेवा आणि पाना फिरतोय का, प्लग निघतो का, स्टार्टर बाहेर येतो का, हे हाताने करून बघा. पूर्ण वेल्डिंग करताना फ्लँज जाड पट्टीवर बोल्टने घट्ट आवळलेला हवा, नाहीतर तो उष्णतेने वाकतो आणि गॅस्केट कितीही भारी घातलं तरी गळती राहते. पाइपांच्या जोड्यांबद्दल थोडक्यात: १-३-४-२ या क्रमाने पेटणाऱ्या इंजिनात १ आणि ४, तसेच २ आणि ३ एकत्र आणा.

उष्णतेकडे दुर्लक्ष नको. डॉट-३ ब्रेक ऑइल नवं असताना साधारण २०५ अंशांना उकळतं. हवेतला ओलावा शोषलेलं मात्र १४० अंशांच्या आसपास उकळू शकतं, आणि ओलाव्याची मुंबईत काय कमी! पाइप जवळ असेल तर मध्ये पत्र्याची ढाल लावाच. हेडरला पट्टी गुंडाळायची फॅशन आहे, पण अंधेरी सबवेच्या पाण्यातून जाणाऱ्या गाडीत ती पट्टी पाणी धरून ठेवते आणि साधं लोखंड आतून सडतं.

गळती तपासायला थंड इंजिन सुरू करा, मागच्या पाइपाचं तोंड जाड फडक्याने क्षणभर दाबा आणि फुसफुस किंवा टिकटिक ऐकू येते का ते बघा. हे टाळू नका. एलबीएस रोडवर घाटकोपर ते मुलुंड काचा बंद करून रांगेत उभं राहिलं, की गळणारा कार्बन मोनॉक्साइड आत येतो, आणि त्याला वास नसतो.

कागदपत्रांचं शेवटी सांगतो, पण काम सुरू करण्याआधी करायचं. इंजिन नंबर आरसी बुकात असतो, म्हणून अंधेरी, वडाळा किंवा बोरिवली, जे आपलं आरटीओ असेल तिथे आधी विचारा. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणीसाठी गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात लागते. इंजिनात बदल केलेली चालत नाही. पहिली कॉन्टेसा २०३४ मध्ये पन्नाशीला येईल. तुमचं मूळ इंजिन शाबूत असेल, तर ते भंगारात घालू नका.