खुन्याने पाठवलेलं कोडं आणि घरबसले गुप्तहेर

रात्रीची जेवणं आटोपली, ओटा आवरला की मोबाइलवर एखाद्या न सुटलेल्या खुनाची मालिका लावायची सवय तुम्हालाही आहे का? असेल, तर दुसऱ्या भागातच तुम्ही निकाल देऊन मोकळ्या झालेल्या असता, ‘शेजारीच आहे बघा!’ बाजूला बसलेल्या सासूबाईंचा संशय वेगळ्याच माणसावर असतो आणि मुलगा म्हणतो की पोलिसांनी पुरावाच नीट पाहिला नाही.

या घरबसल्या तपासाला हसू नका. एका खटल्यात पोलीस, नौदल आणि एफबीआय यांच्याआधी दोनदा सामान्य माणसांनी बाजी मारली आहे. त्याच खटल्यात सामान्य माणसांनीच कितीतरी निरपराध लोकांना खुनी ठरवूनही टाकलं आहे. खुनी मात्र आजतागायत सापडलेला नाही.

हा खटला अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातला, झोडिअॅक या नावाने ओळखला जाणारा. झोडिअॅक म्हणजे राशिचक्र. हे नाव त्याला पोलिसांनी दिलं नाही, त्याने ऑगस्ट १९६९ मधल्या पत्रात स्वतःच घेतलं.

२० डिसेंबर १९६८ च्या रात्री बेनिसिया गावाजवळ लेक हर्मन रोडवर गाडीत बसलेल्या एका शाळकरी जोडीला गोळ्या घालण्यात आल्या. मुलगा १७ वर्षांचा, मुलगी १६ वर्षांची. ४ जुलै १९६९ ला व्हॅलेहोमध्ये पुन्हा तसंच घडलं. तरुणी गेली, तिच्या सोबतचा मुलगा जबर जखमी होऊनही वाचला. सप्टेंबरमध्ये बेरिएसा तलावाकाठी डोक्यावर काळी टोपडी घातलेल्या माणसाने एका जोडीवर सुरा चालवला, त्यातही तरुण वाचला आणि तरुणी गेली. ११ ऑक्टोबरला सॅन फ्रान्सिस्कोच्या एका श्रीमंत वस्तीत टॅक्सीचालकाचा खून झाला. हे पाच मृत्यू आणि दोन वाचलेले तरुण, एवढंच पोलीस नक्की धरतात. तो स्वतः मात्र पुढे पत्रात ३७ चा आकडा मिरवत होता.

टॅक्सीचालकाच्या खुनानंतर तो जवळजवळ हातात आला होता. समोरच्या घरातल्या मुलांनी त्याला खिडकीतून पाहिलं, लगेच फोन केला. पण पोलिसांच्या वायरलेसवर संशयित कृष्णवर्णीय असल्याचं चुकून सांगितलं गेलं. त्याच भागात गाडीतून जाणाऱ्या दोन पोलिसांना एक गोरा माणूस चालत जाताना दिसला आणि त्यांनी त्याला जाऊ दिलं. चूक लक्षात येईपर्यंत तो अंधारात गेलेला होता. तपासातली एक चुकीची ओळ किती महाग पडते ते इथे दिसतं.

शिक्षक नवरा-बायकोने फोडलेला कोड

जुलै १९६९ च्या अखेरीस माणसाने चंद्रावर पाऊल ठेवल्याची बातमी अजून ताजी असताना, त्या भागातल्या तीन वर्तमानपत्रांना एकेक पत्र आलं. प्रत्येकासोबत विचित्र चिन्हांचा एक कागद होता. पहिल्या पानावर छापा, नाहीतर आणखी माणसं मारीन, अशी धमकी. तीन तुकडे मिळून ४०८ चिन्हं होती.

नौदलाच्या तज्ज्ञांकडेही हे कागद गेले. पण उत्तर आलं ते सलिनास गावच्या एका घरातून. डोनाल्ड हार्डन हे तिथले शाळाशिक्षक. लहानपणी त्यांना सांकेतिक लिपीची आवड होती, एवढीच पात्रता. पत्नी बेटी यांना तर तेवढाही अनुभव नव्हता. दोघं कागद-पेन्सिल घेऊन बसले.

साध्या सांकेतिक लिपीत एका अक्षराला एक चिन्ह असतं. ती फोडणं सोपं, कारण इंग्रजीत ‘ई’ हे अक्षर सर्वांत जास्त येतं. जे चिन्ह सर्वांत जास्त वेळा दिसेल ते ‘ई’ धरून सुरुवात करता येते. झोडिअॅकने हे ओळखून नेहमीच्या अक्षरांना प्रत्येकी अनेक चिन्हं दिली होती, म्हणजे मोजदाद उपयोगाची राहत नाही.

तिथे बेटीबाईंचं डोकं चाललं, आणि ते गणितात नव्हे तर माणसाच्या स्वभावात चाललं. त्यांनी विचार केला, जो माणूस वर्तमानपत्रांना स्वतःचं लिखाण पहिल्या पानावर छापायला लावतो तो अहंकाराने फुगलेला असणार. मग मजकुराची सुरुवात ‘मी’नेच होणार. आणि ‘किल’ म्हणजे ठार मारणं हा शब्द तो वापरल्याशिवाय राहणार नाही. इंग्रजी ‘किल’मध्ये शेवटी दोन ‘एल’ असतात, तेव्हा जोडीने येणारी चिन्हं शोधा! हे दोन्ही अंदाज बरोबर निघाले आणि आठवड्याभरात ४०८ चिन्हांचा मजकूर वर्तमानपत्रात छापून आला.

मजकूर किळसवाणा होता. माणसं मारण्यात मजा येते, मेल्यावर ती माझी गुलाम होतील, असला. नाव सांगणार नाही, असंही त्यात होतं. शेवटच्या १८ चिन्हांचा अर्थ कुणालाच लागला नाही, ती बहुधा जागा भरण्यासाठी असावीत.

मला यातलं बेटी हार्डन यांचं काम डोनाल्ड यांच्यापेक्षा मोठं वाटतं. सासरी-माहेरी, शेजारी-पाजारी माणसं ओळखत जगणाऱ्या कुणाही बाईला ती युक्ती सुचली असती असं नाही, पण ती कुठल्या शाळेत शिकवत नाहीत हे नक्की.

५१ वर्षं न सुटलेली ३४० चिन्हं

८ नोव्हेंबर १९६९ ला त्याने आणखी एक कोडं पाठवलं. १७ चिन्हांच्या २० ओळी, एकूण ३४०. हार्डन यांची युक्ती इथे चालली नाही. एफबीआयचे तज्ज्ञ थकले. पुढे संगणक आले, घरोघरी इंटरनेट आलं, हजारो लोकांनी डोकं लावलं. दर काही महिन्यांनी कुणीतरी ‘सुटलं!’ म्हणायचं आणि तपासल्यावर काहीतरी ओढूनताणून बसवलेलं निघायचं.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातले सॉफ्टवेअर बनवणारे डेव्हिड ओरॅनचॅक २००६ पासून या कोड्याच्या मागे होते. त्यांना मेलबर्न विद्यापीठातले गणिती सॅम ब्लेक भेटले. तिसरे यार्ल व्हान आयका, बेल्जियममध्ये गोदामात काम करणारे. पण फावल्या वेळात त्यांनी असल्या लिपी फोडणारा एक संगणक प्रोग्रॅम लिहिला होता, आणि तो जगात या कामासाठी अव्वल मानला जातो. तीन देश, तीन पेशे, आणि तिघांपैकी एकही पोलीस नाही.

त्यांना शंका होती की मजकूर डावीकडून उजवीकडे लिहिलेलाच नाही, आधी अक्षरांची जागा बदलली आणि मग त्यांना चिन्हं दिली. पण जागा बदलायच्या किती तऱ्हा असतील? ब्लेक यांनी अशा सुमारे ६,५०,००० तऱ्हा तयार केल्या आणि एकामागून एक प्रोग्रॅममध्ये घातल्या. बहुतेकांतून कचरा बाहेर पडला. डिसेंबर २०२० च्या सुरुवातीला एका तऱ्हेतून अर्धवट पण ओळखू येणारे तुकडे दिसले. मला पकडण्याचा प्रयत्न, गॅस चेंबर, अशा अर्थाचे.

तुम्ही बुद्धिबळ खेळत असाल तर युक्ती पटकन कळेल. घोड्याची अडीच घरांची चाल! एक घर खाली, दोन घरं उजवीकडे, कडेला पोहोचलं की दुसऱ्या बाजूने आत. कोड्याचे तीन भाग होते, ९ ओळी, पुन्हा ९ ओळी आणि शेवटच्या २. पहिले दोन भाग असे तिरपे वाचायचे. दुसऱ्या भागात खुन्याने स्वतःच मांडणीत चूक करून ठेवली होती, त्यामुळे तिथे सरळ वाचलं तर काहीच लागत नव्हतं. म्हणजे ५१ वर्षं तज्ज्ञ ज्याच्यावर अडले त्यातला काही भाग त्याच्या हुशारीचा नव्हता, निव्वळ धांदरटपणाचा होता.

पण हेही ओढूनताणून बसवलेलं नाही कशावरून? तर मजकुरात तो म्हणतो की टीव्हीवरच्या कार्यक्रमात बोलणारा मी नव्हतो. २२ ऑक्टोबर १९६९ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या एका टीव्ही कार्यक्रमात झोडिअॅक असल्याचं सांगणाऱ्या एका माणसाने खरंच फोन केला होता आणि गॅस चेंबरची, म्हणजे मृत्युदंडाची, भीती बोलून दाखवली होती. कोडं आलं ते त्यानंतर अडीच आठवड्यांनी. तारखा जुळल्या, अर्थ जुळला आणि वाचायचा नियमही एकच राहिला. ११ डिसेंबर २०२० ला एफबीआयने हे उत्तर मान्य केलं.

नाव मात्र याही मजकुरात नव्हतं.

नाव घेण्याची घाई

इथवरची गोष्ट अभिमानाची आहे. आता दुसरी बाजू बघा. वरच्या पाचही जणांनी पुरावा वाचला, कुणावर बोट ठेवलं नाही. बाकीच्यांना नाव हवं असतं.

झोडिअॅक म्हणून आजवर शिक्षकापासून स्वतःच्या वडिलांपर्यंत सगळ्यांची नावं घेऊन झाली आहेत. वडिलांना खुनी ठरवणारी पुस्तकंच निघाली आहेत! ज्या एका माणसाच्या घराची पोलिसांनी झडती घेतली होती तो १९९२ साली वारला. त्याच्या बोटांचे ठसे जुळले नव्हते, हस्ताक्षर जुळलं नव्हतं आणि २००२ साली पाकिटावरून मिळालेल्या अपुऱ्या डीएनएशीही मेळ बसला नाही. तरी आजही असंख्य लोक त्यालाच खुनी म्हणतात. २०२१ साली एका खासगी गटाने आणखी एक मृत माणूस ‘नक्की तोच’ म्हणून जाहीर केला, तेव्हा एफबीआयला तपास अजून सुरू असल्याचं सांगावं लागलं. मेलेला माणूस बदनामीचा दावा करू शकत नाही, त्याची मुलंनातवंडं मात्र त्याच गावात राहत असतात.

जिवंत माणसांचं काय होतं? नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातल्या मॉस्को या गावी चार विद्यार्थ्यांचा खून झाला. पोलीस तपास करत असतानाच टॅरो पत्ते वाचणाऱ्या एका बाईने व्हिडिओंमधून तिथल्या एका प्राध्यापिकेला गुन्हेगार ठरवलं. पत्ते तसं सांगत होते म्हणे. लाखोंनी ते पाहिलं. प्राध्यापिकेचा काडीचाही संबंध नव्हता, काही आठवड्यांतच भलताच माणूस पकडला गेला आणि पुढे त्याने गुन्हा कबूल केला. त्या प्राध्यापिकेला मात्र कोर्टाची पायरी चढावी लागली.

आपल्याकडेही २००८ साली नोएडातल्या एका घरात शाळकरी मुलीचा आणि घरगड्याचा खून झाला, तेव्हा देशभरच्या दिवाणखान्यांत न्यायालयं भरली होती. आई टीव्हीवर रडली नाही, हाच पुरावा! आईवडिलांना २०१३ साली जन्मठेप झाली आणि २०१७ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. दुःख झालेल्या माणसाने किती आणि कुठे रडावं याचं माप आपण कुठून आणतो?

नाव शोधून यशस्वी झालेला प्रकारही आहे. कॅलिफोर्नियातच १९७० आणि ८० च्या दशकांत १३ खून करणारा एक जुना पोलीस एप्रिल २०१८ मध्ये पकडला गेला. लोकांनी हौसेने वंशावळीच्या वेबसाइटवर टाकलेल्या डीएनएत त्याचे दूरचे नातेवाईक सापडले आणि वंशावळ तज्ज्ञ बार्बरा रे-व्हेंटर यांच्या मदतीने तपास पथक त्याच्या कुटुंबापर्यंत पोहोचलं. तरी नाव हाती आल्यावर लगेच कुणी गवगवा केला नाही. त्याने टाकून दिलेल्या वस्तूवरून गुपचूप डीएनए घेतला, तो जुळला, मगच बेड्या पडल्या.

तेव्हा पुढच्या वेळी तुमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणाचा फोटो ‘हाच तो’ म्हणून आला तर तो पुढे पाठवू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणं तर कलम ७२ खाली वेगळा गुन्हा आहे. खरंच काही पाहिलं असेल, ऐकलं असेल, तर ते लिहून, तारीख-वेळ घालून पोलीस ठाण्यात द्या. त्या खिडकीतल्या मुलांनी तेच केलं होतं.

आणि कोडी सोडवायची हौस असेल तर झोडिअॅकची दोन अजून शिल्लक आहेत. एक जून १९७० चं, ३२ चिन्हांचं, सोबत नकाशा असलेलं. दुसरं एप्रिल १९७० चं, फक्त १३ चिन्हांचं. त्याच्या आधी त्याने लिहिलंय की माझं नाव असं आहे. मोहात पडण्यापूर्वी एवढं लक्षात घ्या की ३४० चिन्हांत चुकीचं उत्तर फार काळ टिकत नाही, पण १३ चिन्हांच्या साच्यात शेकडो नावं बसतात. थोडी सूट घेतली तर तुमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचंही बसेल.